होळीला गारव्याची यंत्रं, दसऱ्याला उबेची



गेल्या महिनाभरात आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेलाय. एकीचा कूलर दोनच उन्हाळ्यांत गार वारा द्यायचा थांबलाय. दुसरीच्या गीझरमधून पाणी तापताना खुडबुड आवाज येतो, आणि घाबरण्यासारखं आहे का, असं ती विचारते. परदेशात लेकीकडे सहा महिने राहून आलेल्या एका आजींनी तर मोठं मार्मिक पत्र लिहिलंय. त्या म्हणतात, "तिकडे घर उबदार ठेवायची आणि गार करायची सोय बहुधा एकत्रच असते. थंडीच्या आधी एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा माणूस येऊन सगळं तपासून जातो, बिघाड असो की नसो. आपल्याकडे मात्र यंत्र बंद पडल्याशिवाय त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. असं का?"

आजींचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे असं एकच यंत्र नसतं म्हणून ते लक्षात येत नाही, एवढंच. आता आमच्या शिनोलीचंच बघा. एका बाजूला डिंभे धरण, दुसऱ्या बाजूला घोडेगाव, आणि पश्चिमेला भीमाशंकरचे डोंगर. पौष-माघात पहाटे हात बाहेर काढवत नाही, चैत्र-वैशाखात स्लॅबचं घर दुपारी भट्टीसारखं तापतं आणि आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. या तिन्ही ऋतूंना तोंड द्यायला घरोघर काय काय असतं? बंब किंवा गीझर, कुणाकडे गच्चीवर सोलर, छताला पंखे, खिडकीत कूलर, आणि आता काही घरांतून एसीसुद्धा. म्हणजे आजींच्या लेकीकडची एकत्र सोय आपल्याकडे पाच-सहा तुकड्यांत विखुरलेली आहे. देखभाल मात्र प्रत्येक तुकड्याला लागतेच.

मग ती करायची कधी? त्यासाठी आपल्या सणांइतकं सोयीचं कॅलेंडर दुसरं नाही. खंडेनवमीला आपण विळी, कोयता, शिलाईचं मशीन, गाडी, सगळं पुसून त्याला हळद-कुंकू लावतो. त्याच दिवसांत ऊब देणाऱ्या वस्तू तपासायच्या, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला सगळं ठाकठीक. आणि होळी जळाली, थंडी पळाली, की गारवा देणाऱ्या वस्तूंची पाळी. माघ सरत आलाय, म्हणून आज गारव्यापासून सुरुवात करते. पुढचा भाग कापून ठेवा आणि दसऱ्याला काढा. मात्र ज्यांच्या घरी गॅसचा गीझर आहे त्यांनी दसऱ्याची वाट न बघता तो भाग आजच वाचावा. का, ते तिथे सांगते.

आधी अर्थिंग

मी काही इंजिनिअर नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवणारी बाई. पण घरातली ही यंत्रं मीच रोज हाताळते, तुम्हीही हाताळता. म्हणून त्यांतल्या विजेबद्दल दोन गोष्टी आपल्याला माहीत असायलाच हव्यात.

पहिली गोष्ट अर्थिंगची. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन ही अर्थची. पत्र्याच्या कूलरमध्ये किंवा गीझरमध्ये आतली वायर सुटून बाहेरच्या पत्र्याला लागली, तर ती वीज या पिनेतून जमिनीत जाते. ही पिनच मोडून टाकलेली असेल, किंवा दोन पिनांचा प्लग लावलेला असेल, तर तीच वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. अर्थिंगचा खड्डा अंगणात कुठे आहे हे घरातल्या किती जणींना ठाऊक असतं? तो शोधून काढा. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग नीट लागतंय ना, हे तपासून घ्या.

दुसरी गोष्ट मीटरजवळच्या खटक्यांची. तिथे एमसीबी असतो. भार जास्त झाला किंवा वायरला वायर चिकटली की तो पडतो आणि घर आगीपासून वाचतं. पण माणसाला शॉक बसला तर तो पडेलच असं नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा खटका लागतो. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात वीज तोडणारा आरसीसीबी घरासाठी घेतात. त्यावर 'टेस्ट'चं एक छोटं बटण असतं. तीन महिन्यांतून एकदा ते दाबायचं. खटका पडला तर ठीक, नाही पडला तर वायरमनला बोलवायचं. तुमच्याकडे असा खटका नसेल तर यंदा नवी पैठणी थोडी लांबवा, पण हा बसवून घ्या.

होळीला: पंखा, कूलर, एसी

पंख्यापासून सुरुवात करू. स्विच बंद करून, भक्कम स्टुलावर उभं राहून जुना उशीचा अभ्रा एकेका पात्यावर चढवायचा आणि दाबून ओढायचा. धूळ अभ्र्यात राहते, गादीवर पडत नाही. नंतर ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचं. पाती पुसताना जोर लावून वाकवू नका. एक पातं जरी वाकलं तरी पंखा हेलकावे खातो आणि वरचे नट सैल होतात. दर वर्षी एवढं एक मात्र जाणकाराकडून करून घ्या: छताच्या कडीला पंखा ज्या नटबोल्टवर टांगलेला असतो, तो आणि त्यातली पिन जागेवर आहे का, रबर झिजलंय का, हे बघायला सांगा. पाळण्यावर किंवा अंथरुणावर पंखा असेल तर हे टाळू नका.

पंखा पाचावर ठेवूनही हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो, त्यासाठी पंखा मोडीत काढायची गरज नसते. नवीन घ्यायचाच असेल तर चिठ्ठीवरचे तारे बघा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची झालेली आहे. जुन्या धाटणीचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा तीसेक वॅटमध्ये भागवतो. रोज १० तास चालला तर पाऊण युनिटच्या जागी सुमारे पाव ते तीस शतांश युनिट. घरात चार पंखे असले की हिशेब तुमचा तुम्हीच करा.

आता कूलर. आपल्या घरातला मूळ कूलर म्हणजे माठ. पाणी पाझरतं, वाऱ्याने सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. कूलरमध्ये हेच काम ओल्या जाळ्या करतात. म्हणून माठाचा नियम कूलरलाही लागू. हवा कोरडी असेल तोवर गारवा, दमट झाली की नुसता ओलावा. आणि खोली बंद करून कूलर लावला तर तासाभरात आतली हवा दमट होऊन तो निकामी ठरतो. कूलरच्या समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी हातभर उघडी हवीच. 'दोन उन्हाळ्यांत थंड करायचा थांबला' असं लिहिणाऱ्या भगिनीने आधी हे करून बघावं.

दुसरं कारण क्षारांचं. विहिरीचं, बोअरचं पाणी जड असतं. पाणी उडून जातं आणि क्षार जाळीवर बसतात. लाकडी भुशाच्या जाळ्या दर उन्हाळ्याला नव्या घालाव्यात. जुन्या दबतात, त्यांना वास येतो आणि वारा अडतो. मधाच्या पोळ्यासारख्या कागदी जाळ्या दोन-तीन उन्हाळे टिकतात. त्या साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवायच्या, घासायच्या नाहीत. टाकीतलं पाणी नुसतं वरून भरत न राहता चार दिवसांनी पूर्ण सोडून द्यायचं. पंपाची छोटी जाळी काढून त्यातला गाळ-केस काढायचा. पंप पाण्याविना कधी चालू ठेवायचा नाही, जळतो.

टाकीबद्दल आणखी एक. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यातून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी ठेवायची. पण नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. ही अंडी टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. तेव्हा काथ्याने कडा घासून मगच पाणी भरा. पाऊस सुरू झाला की कूलर आवरताना तर हे अगदी आठवणीने करायचं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कूलरमध्ये पाणी भरताना फक्त स्विच बंद करून थांबू नका, प्लग उपसून बाजूला ठेवा. ओले हात, ओली फरशी, पत्र्याचं अंग आणि अनवाणी पाय, याहून वाईट मेळ नाही. लहान मुलांना पाणी भरायला सांगू नका. कूलरच्या पत्र्याला 'चणचण' लागते असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्या क्षणी तो बंद करायचा आणि वायरमन येईपर्यंत लावायचा नाही.

एसी आमच्या गावात मोजक्याच घरांत आहे, पण पुण्याच्या वन्संकडे दोन आहेत आणि वाचकांतही पुष्कळांकडे असेल. 'दीड टनाचा एसी' म्हणजे त्याचं वजन दीड टन नव्हे, हे आधी सांगून टाकते! साधारण ९०० किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढणारा तो एक टनाचा. पूर्वी बर्फाच्या लाद्यांवर गारवा मोजत, तीच ही मोजणी.

एसीची अर्धी देखभाल आपल्या हातची. पुढचं झाकण उघडून जाळ्या (फिल्टर) काढायच्या, नळाखाली धुवायच्या, सावलीत वाळवायच्या आणि परत बसवायच्या. उन्हाळ्यात हे दर दोन-तीन आठवड्यांनी करायचं. धुळीने जाळी भरली की वारा कमी येतो आणि यंत्राला तेवढाच गारवा द्यायला जास्त वेळ चालावं लागतं, म्हणजे वीजबिल वाढतं. बाहेरच्या पेटीसमोर कपाट, कुंड्या, वाळत घातलेल्या गोधड्या ठेवू नका, तिला मोकळी हवा हवी. आतून पाणी ठिबकायला लागलं तर बहुतेक वेळा निचऱ्याची नळी तुंबलेली असते. वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, मेकॅनिककडून आतली-बाहेरची जाळीदार कॉइल धुऊन घ्यायची आणि वायरींचे जोड घट्ट करून घ्यायचे. एप्रिलमध्ये सगळेच बोलावतात, तेव्हा माणूस घाईने येतो आणि घाईने जातो.

किती अंशांवर ठेवायचा? जानेवारी २०२० पासून ताऱ्यांची चिठ्ठी असलेले घरगुती एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतील, असा नियम झालाय. ते उगीच नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. १८ वर ठेवून वर गोधडी घेण्यात काय हशील?

'ताई, गॅस संपलाय'

हे वाक्य बहुतेक एसीवाल्या घरांनी ऐकलेलं असतं. म्हणून नीट समजावून घ्या. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो, वर्षानुवर्षं तेवढाच. तो कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा निघून जाणार आणि पैसे पुन्हा जाणार.

तेव्हा शांतपणे विचारा: "गळती कुठे आहे ते आधी दाखवा. ती बंद केल्यावर नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण काढणार ना? मग कोणता गॅस भरणार?" जुन्या एसींत आर-२२ असे. तो ओझोनच्या थराला मारक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने हद्दपार होतोय. नव्या एसींत बहुधा आर-३२ असतो आणि तो पेट घेऊ शकतो. एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही, आणि काम चालू असताना खोलीत देवाची समई किंवा उदबत्तीसुद्धा नको. यंत्रावरच्या पट्टीवर गॅसचं नाव छापलेलं असतं, ते आधीच वाचून ठेवा.

वन्संकडे एकदा असाच एक जण आला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना फोन द्या." वन्संनी हसून सांगितलं, "साहेबांना रिमोट कुठे ठेवलाय हेही कळत नाही. तुम्ही मलाच सांगा." आणि गळती कुठे आहे ते विचारलं. मग तासाभराने एका नटाजवळची गळती सापडली!

दसऱ्याला: गीझर, सोलर, बंब

आता उबेकडे वळू. विजेच्या गीझरचा शत्रूही क्षारच. तुमच्या पाणी तापवायच्या पातेल्यात आतून पांढरा थर बसतो ना, तोच गीझरमधल्या तापणाऱ्या कांडीवर बसतो. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो आणि त्या थराखाली पाणी उकळून खुडबुड आवाज येतो. पत्र पाठवणाऱ्या भगिनीला हेच उत्तर: एवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण गीझर साफ करून घ्यायची वेळ झालीय, एवढं नक्की.

वेळ लागतोय की नाही हे ओळखायचा सोपा हिशेब देते. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण वीस-बावीस मिनिटं घेतो आणि सुमारे पाऊण युनिट वीज खातो. तुमचा गीझर तेवढ्याच कामाला पाऊण तास घेत असेल तर समजा, कांडीवर क्षार बसलेत.

मेकॅनिक आला की तीन कामं करून घ्या. टाकी खालून पूर्ण रिकामी करून गाळ काढणं, कांडी साफ करणं, आणि आतली मॅग्नेशियमची दांडी बघणं. ही दांडी स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती संपली की गंज टाकीला धरतो आणि मग गीझर टाकूनच द्यावा लागतो. तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा. त्याच्या वर गेलं की क्षारही जास्त बसतात आणि लहान मुलांना भाजायची भीतीही वाढते.

गीझरच्या खालच्या बाजूला एक छोटी तोटी असते, सुरक्षा झडप. पाणी तापताना तिच्यातून दोन-चार थेंब पडतात. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगण्याला ती वाट आहे. काही घरांतून मी पाहिलंय, 'गळतंय' म्हणून तिच्यात लाकडाची खुंटी ठोकलेली असते किंवा वर टेप गुंडाळलेला असतो. असं चुकूनही करू नका. आतला दाब अडला आणि तापमान आवरणारा खटकाही बिघडला, तर टाकी फुटू शकते. सतत धार लागली तर झडप बदलून घ्यायची, बंद करायची नाही. आणि अंघोळीला शिरण्यापूर्वी गीझरचा स्विच बंद करायचा, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

बादलीत सोडायची कांडी असेल तर ती व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवून क्षार काढा. ती लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत कधी लावायची नाही, आणि पाणी तापलं का ते बोट घालून बघायचं असेल तर आधी प्लग काढायचा.

सोलर असेल तर काचेच्या नळ्या पहाटे, गार असताना ओल्या फडक्याने पुसा. टाकीचं तळाचं पाणी वर्षातून एकदा सोडून द्या आणि हवेची उभी नळी तुंबलेली नाही ना, ते पाहा. रिकाम्या झालेल्या सोलरमध्ये भर दुपारी गार पाणी सोडू नका. तापलेल्या काचा तडकतात.

आणि आपला जुना तांब्याचा बंब! आमच्या सासूबाई अजून दिवाळीला त्याच पाण्याने अंघोळ घालतात. चिंच-मीठ लावून घासायचा, मधल्या नळीतली काजळी काढायची, तोटीचा वायसर बदलायचा आणि पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, नाहीतर सांधे सुटतात. आणखी एक गोष्ट सासूबाई कधी मोडू देत नाहीत: बंब पेटवायचा तो पडवीत किंवा अंगणात, न्हाणीघरात कधीच नाही. पाणी बादलीने आत न्यायचं. मला वाटायचं, धुरामुळे असेल. खरं कारण त्याहून मोठं आहे, आणि ते गॅसच्या गीझरलाही तंतोतंत लागू पडतं.

गॅसचा गीझर: दसऱ्याची वाट पाहू नका

आमच्या शाळेत नववीला असलेली एक मुलगी मागच्या थंडीत अंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आईने हाका मारल्या, आतून नुसता पाण्याचा आवाज. दार तोडलं तेव्हा पोर फरशीवर पडलेली. मंचरला दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि ती वाचली. घरातल्या माणसांनी काही आगळीक केली नव्हती. गारठा येतो म्हणून बाथरूमच्या झरोक्याला प्लास्टिक लावलं होतं, आणि गीझर 'चालतोय ना, मग कशाला हात लावायचा' म्हणून तीन वर्षांत उघडलेला नव्हता.

झालं काय, ते ऐका. गॅस नीट जळायला भरपूर ताजी हवा लागते. बंद, छोट्या खोलीत ज्योत तिथलीच हवा वापरते. हवा अपुरी पडली, किंवा बर्नर काजळी-गंजाने भरलेला असला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटींहून घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात आणि हाक मारायच्या आत शुद्ध जाते. २०२३ साली होळीच्या सणात मुंबईला घाटकोपरमध्ये एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही गॅस गीझरचाच संशय घेतला गेला. कोळशाची शेगडी किंवा पेटता बंब बंद खोलीत ठेवला तरी हाच वायू जमतो. सासूबाईंच्या पडवीचं कारण हे.

म्हणून गॅसच्या गीझरसाठी हे नियम, आणि यात सवलत नाही:

गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, पावसाच्या आडोशाला बसवा आणि गरम पाण्याची नळी आत न्या. आत असेल तर यंदा बाहेर काढून घ्या. नवा, महागाचा असला तरी त्याला हवा लागतेच.

तोवर झरोका आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, आणि मगच माणसाने आत जाऊन दार लावायचं. एकामागून एक चार जणांची अंघोळ गीझर चालू ठेवून करायची नाही.

ज्योत निळी हवी. पिवळी, लांब, थरथरणारी दिसली किंवा गीझरच्या अंगावर काजळी धरली, तर त्या दिवसापासून तो बंद. बर्नर आणि जेट साफ झाल्याशिवाय लावायचा नाही. ही सफाई बिघाड नसला तरी दर वर्षी करून घ्यायची, आणि रबरी नळीला चिरा पडल्यात का तेही बघायचं.

अंघोळीत डोकं दुखलं, गरगरलं, तर 'पित्त झालं असेल' म्हणून बसून राहायचं नाही. ताबडतोब बाहेर यायचं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

कुणी आत पडलं तर दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, त्या माणसाला उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना 'गॅसचा गीझर चालू होता' हे शब्द न विसरता सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र या विषबाधेत फसतं आणि आकडा चांगला दाखवतं. तुमच्या त्या एका वाक्याने त्यांना दिशा मिळते.

यंत्रांची वही

शेवटी एक छोटं काम. दुधाची वही असते, किराण्याची असते, तशी यंत्रांची एक वही घाला. प्रत्येक यंत्राला एक पान. घेतल्याची तारीख, हमीची मुदत, कधी तपासलं, कोणी तपासलं, कोणता भाग बदलला, किती पैसे दिले. मेकॅनिकला आधीच सांगायचं, काढलेला जुना भाग इथेच ठेवून जा आणि पावती द्या. वर्षाचा करार करायचा असेल तर त्यात नुसती सफाई आहे की सुटे भाग आणि गॅससुद्धा, हे कागदावर वाचूनच सही करा. पुढच्या वर्षी कुणी 'हा भाग बदलावा लागेल' म्हणाला की पान उलटून दाखवता येतं, "गेल्याच होळीला बदललाय, हे बघा."

आमच्या वहीचं पहिलं पान सासूबाईंच्या बंबाचं आहे. कधी घेतला ते कुणालाच आठवत नाही, म्हणून तारखेच्या जागी त्यांनी लिहायला लावलंय, 'थोरल्याच्या जन्माच्या साली'. एवढी नोंद पुरते!

तेव्हा या रविवारी दोनच कामं करा. अर्थिंगचा खड्डा शोधा, आणि गॅसचा गीझर असेल तर बाथरूमचा झरोका उघडा. बाकीचं होळीपर्यंत निवांत होईल. तुमच्याकडची एखादी युक्ती असेल तर जरूर कळवा, पुढच्या एखाद्या अंकात देईन.